ओसरीवरचं लेकरू

आमच्या नर्सबाईंना कोणी फादर, पाद्री, नाहीतर सायकलवरून धर्माची पुस्तकं विकणारा भेटला, की त्या आधी त्याला बसवत, पाणी देत आणि मग विचारत, "पहिलं चर्च कोनाचं? रोमनचं का तुमचं?" बाई स्वतः रोमन कॅथलिक. त्यामुळे समोरच्याला वाटायचं, ही आता वाद घालणार. पण गंमत उलटीच होती. कोणी म्हणालं, "तुमचंच मूळ बाई, बाकी सगळ्या फांद्या," की त्यांचं तोंड उतरायचं आणि चहा नुसता पाण्यासारखा यायचा. आणि कोणी ठासून सांगितलं की रोमन लोक वाट चुकले, खरा धर्म आमच्याकडे, की बाई खुलायच्या. दूध जास्त घालून चहा करायच्या आणि "अजून सांगा" म्हणत त्याला उठू द्यायच्या नाहीत. स्वतःचं खोटं ठरावं म्हणून देव पाण्यात घालून बसलेली बाई मी दुसरी पाहिली नाही.

तेव्हा आम्ही मावल्याला राहायचो. आदिलाबादला लागूनच आमचा वांग्या-कोथिंबिरीचा मळा, मळ्यातच घर. मी त्या घरची सून. रस्त्यापलीकडे भाड्याच्या दोन खोल्यांत नर्सबाई आणि मास्तर. बाई सरकारी दवाखान्यात बाळंतपणं करायच्या. त्यांचे वडील वऱ्हाडातून बेल्लमपल्लीला कोळशाच्या खाणीवर आलेले, बाई तिथेच वाढलेल्या. मास्तर मराठी शाळेत शिकवायचे. तेही ख्रिस्तीच, पण प्रोटेस्टंट, आणि त्यातही अशा मंडळीचे की जी तान्ह्या लेकराला बाप्तिस्मा देत नाही. माणूस मोठा व्हावा, त्यानं स्वतःच्या तोंडानं मागावा, मग त्याला नदीत बुडवून काढावं, असं त्यांचं. दोघांचं लग्न मास्तरांच्या मंडळीत झालं होतं. म्हणून महिन्यातून एकदा बेल्लमपल्लीहून येणारे फादर बाईंना प्रसादाची भाकर देत नसत. बाई मागे भिंतीला टेकून बसत, सगळं ऐकत आणि तशाच घरी येत. मी एकदा म्हटलं, "मंग जाता कायले?" तर म्हणाल्या, "माहेर हाय ना वैनी. जेवू नाई घातलं तरी मानूस जाऊन येते."

माझा पहिला मुलगा त्यांच्याच हातावर झाला. आठवडाभरही जगला नाही. आमच्यात एवढ्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. मळ्याच्या कोपऱ्यात कडुनिंबाखाली सासऱ्यांनी त्याला ठेवला. त्याच सुमारास गावात कोणीतरी पिल्लू सोडलं होतं की ही नर्स मरणाऱ्या लेकराच्या डोक्यावर गुपचूप पाणी टाकते आणि त्याला ख्रिस्ती करते. सासूबाई कोणाच्या बापाला भिणाऱ्या नव्हत्या. त्यांनी सरळ जाऊन विचारलं. बाई म्हणाल्या, "नाई मामी. मायबापाले इचारल्याबिगर मी कोनाच्या लेकराले पानी नाई लावत." मग त्यांनीच समजावून सांगितलं की त्यांच्यात लेकरू जायला लागलं आणि फादर जवळ नसले, तर पाणी कोणीही देऊ शकतं. तीनदा डोक्यावर धार धरायची, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशी नावं घ्यायची. "तुमी बी देऊ शकता वैनी. हिंदू असलं तरी चालते." मला तशा दुःखातही हसू आलं. म्हटलं, भलताच सोपा धर्म दिसतो तुमचा.

निजामशाही गेली त्याच्या पुढच्या हिवाळ्यात बाईंना दिवस होते. कचेऱ्यांमधले उर्दू कागद बदलत होते, शाळेत नवी पुस्तकं येत होती, आणि मास्तर कधी नव्हे ते मोठ्यानं बोलू लागले होते. त्यांनी बाईंकडून एक शब्द घेतला होता: लेकराला पाणी लावायचं नाही, ते मोठं होऊन काय ते ठरवील. मास्तरांच्या ह्या हट्टाला कारण होतं. त्यांच्या आजोबांच्या वेळी दुष्काळात धान्य वाटणाऱ्या दुसऱ्या एका मिशनच्या हातून सगळी वस्ती एका दिवसात ख्रिस्ती झाली. मास्तरांचे वडील तेव्हा मांडीवर होते, त्यांच्याही डोक्यावर पाणी पडलं. पुढे जन्मभर त्यांना लोक "भाकरीचे ख्रिस्ती" म्हणून हिणवत राहिले. मास्तर म्हणायचे, "माझ्या बापाला कोणी विचारलं नाही. माझ्या पोराला मी विचारीन." आता ह्याला काय म्हणणार? मलाही तेव्हा ते पटलं होतं.

मुलगा झाला तो दिवस भरायच्या आत. चिमणीएवढा. बाई स्वतः नर्स, त्यांना पहिल्या नजरेतच कळलं. मी उशाशी होते. दिवस कलायला आला होता. बाईंनी माझ्याकडे पाणी मागितलं, मी तांब्या दिला. मला वाटलं, तहान लागली असेल. त्यांनी तो हातात धरला आणि दाराकडे पाहिलं. दारात मास्तर उभे होते. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत, मान खाली घालून उभे राहिले. मग त्यांनी तांब्या जमिनीवर ठेवला. दिलेला शब्द पाळला बाईनं. थोड्या वेळानं लेकरू गेलं.

पुढचा प्रश्न जागेचा. रोमनच्या कब्रस्तानात बाप्तिस्मा न झालेल्या लेकराला घेत नव्हते. मास्तरांच्या मंडळीची गावात पाच-सात घरं, त्यांची स्वतःची जागाच नव्हती. मास्तर आमच्या दारात आले आणि सासऱ्यांकडे कुदळ मागू लागले. सासरे म्हणाले, "कुदळ कायले मागता मास्तर, जागा बी घ्या." असं त्यांचं लेकरू कडुनिंबाखाली माझ्या लेकराशेजारी आलं.

त्या महिन्यात फादर आले तेव्हा बाईंनी त्यांना विचारलं, माझं पोर कुठं आहे. फादर भले होते. खोटं बोलले नाहीत. म्हणाले, अशा लेकरांना दुःख नसतं, त्रास नसतो, पण बाप्तिस्मा नाही म्हणून देवाचं दर्शनही नसतं. त्यांच्यासाठी एक वेगळी जागा आहे, असं आमचे जुने लोक मानत आलेत. बाई घरी आल्या, माझ्या चुलीपाशी बसल्या आणि म्हणाल्या, "मंजे ओसरीवर बसवून ठेवलं पोट्ट्याले. देव आत, थो भाईर. खायाले देतात, मारत नाईत, पन आत घेत नाईत." मी तव्यावरची भाकर काढून त्यांच्या ताटात घातली.

त्या दिवसापासून त्यांचा तो प्रश्न सुरू झाला. हिशेब सरळ होता. रोमनचं चर्च पहिलं असेल, येशूच्या हातून आलेलं असेल, तर फादर म्हणतात तेच खरं आणि लेकरू ओसरीवर. ते मूळ नसेल, मास्तरांची मंडळी खरी असेल, तर लेकराला पाणी लागतच नव्हतं आणि ते देवाच्या मांडीवर. लोक धर्माच्या मोठेपणासाठी भांडतात. बाईंना फक्त एवढंच हवं होतं की पोर आत असावं.

फादर सांगायचे, येशूनं स्वर्गाच्या किल्ल्या पेत्र नावाच्या शिष्याच्या हाती दिल्या, आणि पेत्रापासून आजपर्यंत आमची ओळ तुटलेली नाही. मास्तरांकडे येणारे पाद्री म्हणायचे, ओळ तुटली नाही म्हणून वाट चुकली नाही असं थोडंच आहे? येशूचे पहिले शिष्य मोठे होऊन, समजून-उमजून पाण्यात उतरले. रोमनं मागाहून आपल्या रीती वाढवल्या. बाई दोघांचंही मन लावून ऐकायच्या. एकदा बेल्लमपल्लीच्या खाणीच्या दवाखान्यातून केरळची एक नर्स आली. तिनं तर दोघांनाही उडवून लावलं. म्हणाली, येशूचा एक शिष्य आमच्याच किनाऱ्यावर उतरला, आमचं चर्च रोमला विचारून चालत नाही. बाईंचे डोळे चमकले. लगेच विचारलं, "मंग तुमच्यात लेकराले पानी कवा देता?" ती म्हणाली, "तान्हेपणीच." रात्री मला म्हणाल्या, "वैनी, जे जे जुनं निघते, ते माया इरुद्ध जाते."

मी तोंडाची फटकळ. एकदा वैतागून म्हटलं, आमच्या गावात एका देवाची दोन देवळं आहेत, दोन्ही पुजारी म्हणतात मूळ मूर्ती आमचीच. देवानं कधी सांगितलं का कोण खरं ते? माणसाला जिथं दुखतं तिथं तो वेगळं देऊळ बांधतो. मास्तरांना बापाचा अपमान दुखला, तुम्हाला पोर दुखतं. बाई हसल्या, पण मनापासून नाही. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांचं म्हणणं आणखी सोपं, "दात आले नव्हते त्याले. त्याले कायचं पाप अन कायचा धर्म? थे देवाचंच होतं, देवाकडं गेलं." बाई म्हणाल्या, "तुमच्या देवाकडं गेलं असन त बरंच हाय मामी. पन तिथं माया पोराले कोन वळखन?" सासूबाई म्हणाल्या, "शेजारी आमचा नातू हाय ना." त्यावर मात्र बाई रडल्या. मीही रडले. दोघींचं रडणं एकाच कोपऱ्यातलं होतं.

बाईंनी साऱ्या जगाला विचारलं, मास्तरांना कधी विचारलं नाही. त्या दोघांत भांडण झालेलं मी ऐकलं नाही. मास्तर भले होते, बाईंचे पाय दुखले तर तेल लावून द्यायचे, मला परीक्षेला बसवलं आणि मास्तरीण केलं तेही त्यांनीच. पण मला त्यांचा राग यायचा. दारात उभ्या असलेल्या माणसानं एकदा मान वर केली असती तर काय बिघडलं असतं, असं मनात यायचंच. संध्याकाळी ते कडुनिंबाखाली येऊन बसायचे. प्रार्थना करताना कधी दिसले नाहीत, नुसते बसायचे.

मग राज्यांची वाटणी झाली. नदीपलीकडचे मराठी तालुके मराठी मुलखाकडे गेले, आदिलाबाद आंध्रात गेलं. कचेऱ्यांच्या पाट्या तेलुगू झाल्या. मराठी मास्तरांना तिकडच्या शाळांत पाठवायचं ठरलं आणि आमच्या मास्तरांचा परभणीकडं तबादल्याचा हुकूम आला. राज्यं वाटणाऱ्यांना काय ठाऊक, कोणाचं काय कुठल्या मातीत आहे? निघायच्या सकाळी त्या मळ्यात आल्या, दोन्ही जागांवरचं गवत उपटलं आणि म्हणाल्या, "वैनी, दोघायलेबी पाहात जा. मी आता लांब चालली." मोटार सुटली तेव्हा त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. मला ते फार लागलं. मागाहून समजलं, पाहिलं असतं तर त्या उतरल्याच असत्या.

त्यानंतर चार-पाच वर्षांनी मास्तर एकटेच आले. केस पांढरे, खांदे पडलेले. ओट्यावर बसले आणि म्हणाले, "गेली." मी पाणी आणलं, ते तसंच राहिलं. शेवटच्या दुखण्यात त्यांनी स्वतः जाऊन फादरला बोलावून आणलं होतं. फादरनं बाईंना परत आपल्यात घेतलं, इतक्या वर्षांनी ती भाकर जिभेवर ठेवली. "भाकर घेतल्यावर तिनं त्यांनाही विचारलं," मास्तर म्हणाले, "पोर आत गेलं असन का. ते म्हणाले, देवाची दया मोठी आहे. ती म्हणाली, ते मले माईत हाय, आत गेलं का ते सांगा." बाईंना रोमनच्या कब्रस्तानात ठेवलं होतं. मी विचारलं, "अन तुमी?" म्हणाले, "तिथं माझी जागा नाही. मी आमच्यात जाईन." लेकरू आमच्या मळ्यात, माय रोमनमध्ये, बाप आणखी कुठं. एका घरची तीन माणसं, तिघं तीन मातीत.

थोड्या वेळानं त्यांनी माझ्याकडं भरलेला तांब्या मागितला आणि कडुनिंबाकडं निघाले. मी मागोमाग गेले. त्यांनी चपला काढल्या, गुडघ्यांवर बसले आणि लेकराच्या जागेवर हळूहळू पाण्याची धार धरली. एकदा, दोनदा, तीनदा. पित्याचं नाव घेतलं, पुत्राचं घेतलं, पवित्र आत्म्याचं घेतलं.

मी म्हटलं, "मास्तर, मेलेल्याले नाई चालत हे. बाईच सांगत होत्या."

"नाही चालत," ते म्हणाले. "तिच्यातही नाही, आमच्यातही नाही."

माझा इतक्या वर्षांचा राग तोंडाशी आला. म्हटलं, "मंग हेच पानी तवा टाकू देलं असतं त? तांब्या तिच्या हातात होता ना?"

मास्तरांनी रिकामा तांब्या मातीवर ठेवला. "तेव्हा मी माझ्या धर्माला खोटा पडलो असतो वैनी," ते म्हणाले. "आता पडलो."

मी त्यांच्याशेजारी खाली बसले. पाणी मातीत मुरलं तरी आम्ही दोघं तिथंच बसून होतो. मला एकाच गोष्टीचं राहून राहून वाईट वाटत होतं, की हे बघायला बाई नव्हत्या.