उलटी बसलेली होडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं असतं तर तिनं ते दिगूच्या बायकोपर्यंत पोचवलं असतं, आणि मग — मग काय झालं असतं, याचा विचार करायचाही आता कंटाळा येतो. तुम्ही दिगूला ओळखत नाही. म्हणून तुमच्याशी बोलतोय.

आधी आमच्या छंदाचं सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. फिल्मचे काही जुने कॅमेरे असतात, दोन भिंगांचे. आपल्या दोन डोळ्यांत असतं जवळजवळ तेवढंच अंतर त्या भिंगांत. बटण दाबलं की एकाच वेळी दोन फोटो निघतात — एक डाव्या डोळ्याचा, एक उजव्याचा. फिल्म धुऊन आली की कापायची, दोन्ही तुकडे पुठ्ठ्याच्या चौकटीत शेजारी-शेजारी बसवायचे आणि दोन भिंगांच्या व्ह्यूअरमध्ये घालून बघायचे. सपाट फोटो एकदम खोल होतो. जेट्टीवरचा दोर हाताशी येतो, डोंगर मागे सरकतो. निवृत्त माणसाला वेड लागायला एवढं पुरतं.

मला हे वेड दिगूनं लावलं. दिगू करंज्याचा. वाडवडलांची मिठागरं होती, त्यानं ट्रक घेतले, न्हावा शेव्याला कंटेनर ओढले आणि शेवटी सगळं मुलाच्या हवाली केलं. मी अलिबागला सरकारी कचेरीत कारकून. रेवसच्या लाँचमध्ये त्याच्या गळ्यात तो दोन डोळ्यांचा कॅमेरा पाहिला आणि विचारायला गेलो, ती ओळख. पुढं मीही एक जुना कॅमेरा मिळवला. दर रविवारी खाडी ओलांडून त्याच्याकडं जायचं, पडवीत बसून आठवड्याचे फोटो बघायचे, वहिनींच्या हातचं सुक्या बोंबलाचं कालवण जेवायचं आणि परत यायचं. एवढंच आयुष्य, पण बरं चाललं होतं.

खरं सांगायचं तर दिगूचे फोटो माझ्यापेक्षा सरस होते. फार सरस. आणि तो ते लपवायचा नाही. चार माणसं बसलेली असली की माझा फोटो बघून म्हणायचा, "कारकुना, पुढं कायतरी धर की! नुस्ता समुद्र घेतलास, खोली दिसनार कुठून?" सगळे हसायचे. मीही हसायचो. थट्टाच होती ती, प्रेमाची होती — पण लागायची. साठी उलटलेल्या माणसाला असलं काही लागावं का? मला लागायचं.

एकदा माझ्या हातून चूक झाली. या कॅमेऱ्याच्या फिल्मवर एका फोटोचे दोन तुकडे शेजारी येत नाहीत, मध्ये दुसऱ्याच फोटोंचे येतात, त्यामुळं घोटाळा होतो. मी डावा तुकडा उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला. असं झालं की सगळं उलटतं. जवळचं लांब जातं, लांबचं जवळ येतं. फोटो रेवसच्या बंदरातल्या होडीचा होता. होडी मागे गेली होती आणि आभाळ तिच्या पुढं येऊन बसलं होतं. नवख्या माणसालाही गरगरतं, असं ते दिसतं. माझ्या हे लक्षात यायच्या आत दिगूनं व्ह्यूअर डोळ्यांना लावला होता.

"आयला! होडी अंगावर येतेय रं! आज जमलं तुला, कारकुना."

मी व्ह्यूअर घेऊन बघितलं. होडी मागेच होती. आधी वाटलं, हा फेकतोय. मग वाटलं, थट्टा असेल. पण त्याचा चेहरा खरोखर खूश होता. मग शंका आली, हा एकाच डोळ्यानं तर बघत नाही? एका डोळ्याला उलटं-सुलटं सारखंच.

पुढच्या रविवारी मी काय केलं तेही सांगतो. मी मुद्दाम एक चौकट तयार केली — उजवीकडं फोटो, डावीकडं नुसती काळी फिल्म. दिगूला दिली. त्यानं बघितली, आणि मांडव्याच्या जेट्टीचा फोटो छान आलाय म्हणाला. डाव्या डोळ्यापुढं अंधार होता आणि त्याला त्याचा पत्ताच नव्हता.

मला मात्र पत्ता होता. माझ्या आईचा एक डोळा असाच गेला होता, काचबिंदूनं. दुखत नाही, खुपत नाही. दुसरा डोळा सांभाळून घेतो आणि माणसाला कळतच नाही. आईला वेळेवर डॉक्टरकडं नेलं म्हणून तिचा दुसरा डोळा वाचला. नेणारा मीच होतो. त्यामुळं मला माहीत नव्हतं, असं मी कुणाला सांगू?

एक वाक्य बोलायचं होतं. दिगू, डोळे दाखवून ये. बस्स. मी नाही बोललो. का नाही? पहिल्या दिवशी वाटलं, त्याला वाईट वाटेल. हे खोटं. खरं हे, की मला गंमत वाटत होती. इतकी वर्षं मला शिकवणारा माणूस काळ्या फिल्मचं कौतुक करत होता, आणि ते एकट्या मला ठाऊक होतं.

मग वाचनालयात आमच्या फोटोंचं छोटं प्रदर्शन भरलं. टेबलावर व्ह्यूअर मांडले होते, लोक वाकून बघत होते. दिगूचे नवे फोटो बघून लोकांचे डोळे दुखत होते. त्याला अंदाज राहिला नव्हता, पुढची वस्तू तो फार जवळ घ्यायचा. माझ्या टेबलाशी गर्दी झाली. दिगू सगळ्यांना सांगत फिरत होता, "बगा, आमचा कारकून पुढं गेला!" त्याला आनंद झाला होता हो. माझ्यासाठी.

त्यावर दोन पावसाळे गेले. जवळजवळ दर रविवारी मी त्याच्या समोर बसलो, जेवलो, आणि बोललो नाही. मग एक दिवस त्याची गाडी स्वतःच्याच फाटकाला घासली आणि सुनेनं त्याला पनवेलला डॉक्टरकडं नेलं. डावा डोळा गेलेला. उजवाही बराच गेलेला, आणि थांबेल याची खात्री नाही. आधी आला असतात तर, असं डॉक्टर म्हणाले म्हणे.

त्या रविवारी पडवीत वहिनी रडत होत्या. "भावोजी, तुमी तर दर आठवड्याला येता, तुमच्या पन ध्यानात आलं न्हाय का वो?"

मी म्हणालो, "नाही हो वहिनी. हा आजारच तसा असतो, कळतच नाही."

त्यांनी मान हलवली. मला चहा आणून दिला. मी तो प्यायलो.

आता दिगूला उजेड कळतो, माणूस आवाजावरून कळतो. त्याचा कॅमेरा त्यानं मला दिला, आणि मी घेतला. अजून दर रविवारी जातो. त्याला एकच फोटो हवा असतो, तो होडीचा. शेवटचा चांगला बघितला तो हाच, असं त्याच्या मनानं घेतलंय. ती चौकट मी अजून तशीच ठेवली आहे, उलटी. सुलटी करायला कितीसा वेळ लागतो? पण माझा हात तिकडं जात नाही.

दिगू व्ह्यूअर चाचपतो, चौकट नीट बसली का ते बोटानं बघतो आणि माझ्या हातात देतो. "बग आनि सांग. येते का होडी अंगावर?"

मी डोळे लावतो. आभाळ पुढं असतं, होडी पार मागे.

"येते," मी म्हणतो.