निळ्या चकत्या

खाडीकाठच्या चोपड्यातल्या आमच्या देवळाच्या मंडपावर अल्युमिनियमचे पत्रे घालायला सावंतवाडीकडचा एक फिटर आला होता. नाव विचारायचं राहूनच गेलं. बोल्ट ठेवायची त्याची जागा म्हणजे तोंड. बोलायचं झालं की बोल्ट तळहातावर काढायचा, बोलून झालं की परत तोंडात.

लोखंडी अँगल उभे झाले आणि पत्रा ठेवायच्या वेळी गडी अडून बसला.

"बसवा की आता! संध्याकाळी आरती आहे," मी म्हटलं.

बोल्ट बाहेर आला. "लोखंडाक अल्युमिनियम टेकला काय ह्या खाऱ्या वाऱ्यात पत्रो कुजतलो. मदी रबर व्हया."

"आता रबर कुठून आणणार?"

"मिळतला," असं म्हणून त्याने बोल्ट तोंडात टाकला आणि देवळाच्या पायऱ्यांकडे बघत राहिला.

आरतीत घंटा अशा घणघणत होत्या की बाहेरची ठोकाठोक कोणालाच ऐकू आली नाही. बाहेर येतो तर पत्रे चढलेले, फिटर पसार, आणि पायरीवर माझ्या नव्या निळ्या चपलांची गोल भोकं पडलेली चाळण.

त्यानंतर कितीतरी पावसाळे गेले, पत्र्याला डाग नाही.

परवा भटजी पर्यटकांवर खेकसले, "चपलां भायर! ह्या देवळांत चप्पल केन्नाच येवंक ना!"

या देवळात चप्पल कधीच आलेली नाही, हे ऐकून मी भक्तिभावाने हात जोडले आणि डोळे घट्ट मिटून घेतले. उघडे असते तर वर गेले असते, आणि माझ्याबरोबर भटजींनीही वर पाहिलं असतं.