मधला खळगा

वरच्या मजल्यावरचे शेजारी गोविंदपुऱ्यातल्या फाउंड्रीत वितळलेलं लोखंड साच्यात ओततात. त्यामुळे कुणी थांबत थांबत चहा ओतलेला त्यांना बघवत नाही. "धार तोडू नका, वहिनी, जोड राहतो," म्हणत ते किटली माझ्या हातातून घेतात आणि ओळीने मांडलेले सगळे कप एका दमात भरतात. बशाही भरतात, पण त्याचं त्यांना काही वाटत नाही.

"बिडाला ओतीव लोखंड का म्हणतात?" माझ्या मुलीने एकदा विचारलं.

"ठोकून करतात ते घडीव. आम्ही ठोकत नाही, साच्यात ओततो. म्हणून ओतीव," असं सांगून त्यांनी तिचाही कप बशीसकट भरला.

गेल्या महिन्यात त्यांनी स्वतः ओतलेलं बिडाचं आप्पेपात्र आणून दिलं. त्याचा मधला खळगा बाकीच्यांच्या दुप्पट होता. साचा चुकला असेल, बिचाऱ्यांना कशाला सांगायचं, म्हणून मी गप्प बसले.

रविवारी पहिला घाणा होत आला, तोच ते जिना उतरून थेट स्वयंपाकघरात आले.

"कडेचे तुमच्या घरचे," ते म्हणाले, "मधला माझा."

ताटली त्यांनी घरूनच आणली होती.