डाव्या कानाची मेंढरं

बंडगरवस्तीवर घड्याळ बघून कुणी उठत नाही. सांगोल्याच्या दक्षिणेला माळावर विखुरलेली तेरा घरं, आणि तेराव्या घरात येडू आणि मायाक्का. दिवस उगवायच्या आत मायाक्काचा आवाज लागतो, त्याला येडू आपला आवाज जोडतो, आणि बाकीची बारा घरं अंथरुणं गुंडाळायला लागतात. एखाद्या दिवशी दोघं गप्प राहिलीच तर शेजारणी कुंपणावरून विचारतात, "काय वो, कोन आजारी हाय का?"

तरुणपणी या भांडणात भांडी उडायची. आता दोघांचेही खांदे धरलेत, म्हणून नुसते शब्द उडतात. विषय काहीही चालतो. येडूला साखरेचा आजार निघाला तेव्हापासून मायाक्का त्याला बिनसाखरेचा चहा देते. डॉक्टरनंच सांगितलंय, त्यात तिचा दोष नाही. पण स्वतःचा गोड चहा ती मुद्दाम त्याच्यासमोर उकिडवी बसून पिते, फुर्र फुर्र आवाज करत, आणि शेवटी बुडाची साखर बोटानं पुसून खाते. येडूनं याचा सूड म्हणून एकदा तिच्या मिसरीच्या डबीत चुलीतली राख मिसळली. चार दिवस तिला काही कळलंच नाही. पाचव्या दिवशी त्यालाच राहवलं नाही, त्यानं सांगून टाकलं, आणि मग वस्तीनं जे ऐकलं ते इथं लिहिण्यासारखं नाही.

लग्नाला चौतीस वर्षं झाली तरी ती एकमेकांशी सरळ कमीच बोलतात. मध्ये मेंढा लागतो. काळ्या तोंडाचा, वळलेल्या शिंगांचा, चालताना मान अशी वर धरणारा की वस्तीनं त्याचं नाव 'सायब' ठेवलेलं.

"सायब, सांग ह्या मानसाला, भाकरी निवाय लागलीया."

"सायब, तिला इचार, भाकरी हाय का घरावरचं कौल हाय? त्या मानानं दात लावतो."

साहेब दोघांचं ऐकून घेतो आणि बाभळीच्या शेंगा खातो. साहेबांनी असंच करायचं असतं.

तर या येडूनं गेल्या महिन्यात एक निर्णय घेतला. मेंढरं विकायची.

कारण त्याचा गुडघा. दिवसाचे दहा-बारा किलोमीटर माळावर चालून उजवा गुडघा असा झाला होता की उठताना कडकन आवाज यायचा आणि कुत्रं दचकायचं. दिवाळीत तो पोराकडं, धनाजीकडं, जुळे सोलापूरला चार दिवस राहून आला. धनाजी तिथं एका कारखान्यात सुपरवायझर. तिसऱ्या मजल्यावर छोटं घर. खिडकीजवळ खुर्ची, खुर्चीत येडू, आणि खाली लोक स्कूटरवरून कुठं कुठं चाललेले. आपल्याला कुठंच जायचं नाही, ही गोष्ट येडूला आयुष्यात पहिल्यांदा समजली, आणि फार आवडली. निघताना धनाजी म्हणाला, "आबा, मेंढरं मोडा की आता. त्यात माझं थोडं घालून मोठं घर बघू. खिडकीची खोली तुमची."

खिडकीची खोली! येडू येताना एसटीत बसून त्या खोलीत खुर्ची कुठं ठेवायची तेच ठरवत होता.

मायाक्का पण एकदा गेली होती त्या घरी. एक रात्र राहिली. सकाळी सहाला पायऱ्या उतरून स्टँडचा रस्ता विचारत होती. "जनावराचा वास न्हाय, मानसाचा आवाज न्हाय," ती वस्तीवर सांगायची, "दार लावलं की मेल्यावानी. आन शेजारीन पानी मागाय येत न्हाय, भांडाय येत न्हाय. तितं जगायचं कशावर?"

म्हणजे तिला विचारून काही होणार नव्हतं. येडूनं विचारलंच नाही. रविवारी सांगोल्याच्या बाजारात वैरागचा व्यापारी मानसिंग भेटला, दोघांनी भाव ठरवायला टॉवेलाखाली एकमेकांची बोटं धरली, दाबली, सोडली, पुन्हा धरली, आणि साहेबासकट चौसष्ट मेंढरांचा सौदा झाला. पुढच्या शनिवारी सकाळी गाडी वस्तीवर येणार. येडूला वाटलं, गाडीच दारात उभी राहिली की बाई काय करणार?

पण येडूनं धनाजीला कळवलं होतं, आणि बातमी आधी पोचली. गुरुवारी सुनेचा, पूनमचा, फोन आला. "आत्या, मेंढरं इकली म्हनं. बरं झालं, सुटला एकदाच्या."

मायाक्का "व्हय" म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर ती बोलली नाही. गुरुवारी नाही, शुक्रवारी नाही. मेंढ्याशी नाही, कुत्र्याशीसुद्धा नाही. भाकरी वेळेवर, कालवण वेळेवर, चहा बिनसाखरेचा. येडूनं तीनदा भांडण काढून बघितलं. कालवणात मीठ जास्त आहे म्हणाला. कमी आहे म्हणाला. तुझ्या भावाची आठवण झाली म्हणाला, ज्याच्यावर एरवी दोन दिवस सहज निघाले असते. बाई ताटाकडं बघून गप्प. शुक्रवारी शेजारणींनी विचारलं नाही की कोण आजारी आहे. त्या नुसत्या लांबून बघत राहिल्या.

शनिवारी आठ वाजता मानसिंगची पिकअप धूळ उडवत आली. मेंढरं अजून वाघरीत, म्हणजे रात्री भोवती लावायच्या जाळीतच होती. येडूनं नवा पटका बांधला होता. मायाक्का वाघरीच्या तोंडाशी बसलेली, शेजारी वस्तीतले सगळ्यांत म्हातारे ज्ञानूतात्या. तिनंच बोलावलेले.

"राम राम मामी," मानसिंग म्हणाला. "मेंढरं न्याया आलूय."

"न्या की," मायाक्का म्हणाली. दोन दिवसांनी फुटलेला तो आवाज ऐकून शेजारचं कुत्रं उठून बसलं. "पर कुनाची न्याया आलाय?"

"येडूमामाची."

"मग येडूमामाचीच न्या. माझ्या मेंढरांस्नी हात लावू नका म्हंजे झालं. काय तात्या?"

तात्यांनी मान हलवली. रीत सगळ्या वस्तीला पाठ होती. लग्नात बाप लेकीला मेंढी देतो. त्या मेंढीच्या पोटचं जे होईल ते लेकीचं, आणि त्याच्या पोटचंही तिचंच. नवऱ्यानं राखावं, कातरावं, पण विकायचं तर तिला विचारून. ओळख पटावी म्हणून तिच्या जनावराच्या डाव्या कानाला खाच, घरच्या जनावराच्या उजव्या. मायाक्का जतकडून आली तेव्हा तिच्याबरोबर तीन मेंढ्या आल्या होत्या.

येडूला रीत मान्य होती. तीन मेंढ्यांचं असं किती वाढणार? धरा दहा, धरा पंधरा. "काड तुझी बाजूला," तो ऐटीत म्हणाला. "मला काय तुझी नकोत."

वाघरीचं तोंड एका जनावरापुरतं उघडलं. तात्या एका बाजूला, मानसिंग दुसऱ्या. एकेक मेंढरू बाहेर येईल तसा कान बघायचा. डावा तर बाभळीखाली, उजवा तर गाडीकडं.

पहिली आली. डावा. दुसरी आली. डावा. तिसरी, चौथी, पाचवी, डावा, डावा, डावा. सहावी उजवी निघाली तेव्हा येडूनं श्वास सोडला. मग पुन्हा आठ डाव्या.

येडूचा पटका सैल व्हायला लागला.

आणि उभ्या उभ्या त्याला एकेक आठवायला लागलं. कोकरू जन्मलं की कातर घेऊन तोच बसायचा. मायाक्का डोक्यावर उभी असायची. "ह्ये माझ्या भुरीचं." "भुरीचं कसलं, ह्ये तर घरच्या कवडीचं." "भुरीचंच! डोळं फुटलं काय तुमचं?" मग तास-दोन तास. भाकरी थापली जायची नाही, चूल थंड. शेवटी येडू म्हणायचा, घाल खड्ड्यात, आणि कोकराचा डावा कान धरून खाच मारायचा. कानानं काय होतं? चरायला तर सगळी एकाच माळावर. आणि दरसाल बाजाराला चार-सहा काढायची वेळ आली की तो उजव्या कानाचीच धरायचा, कारण डाव्यातली नर कोकरं सोडून दुसऱ्याला हात लावला की बोंब. चौतीस वर्षं त्यानं कटकट नको म्हणून स्वतःच्या हातानं स्वतःचा कळप कातरत आणला होता, आणि अख्खी वस्ती त्याला 'येडूची मेंढरं' म्हणत आली होती.

वाघर मोकळी झाली. बाभळीखाली चोपन्न. गाडीजवळ नऊ, आणि दहावा साहेब.

मानसिंगला हसू आवरेना. "मामा, उगीच पिकअप आनली की. मोटरसायकलवर नेली असती."

"फसिवलंस तू मला!" येडू ओरडला. सरळ तिच्याशी, मेंढा मध्ये न घेता.

"मी?" मायाक्का उठून उभी राहिली. "कातर कुनाच्या हातात हुती?"

ज्ञानूतात्यांनी तंबाखू मळायला घेतली, म्हणजे त्यांच्या लेखी निकाल लागला होता. खिडकीची खोली येडूच्या डोळ्यांसमोरून गेली, खुर्चीसकट.

"बरं, हाय ती तर भरतो," मानसिंग म्हणाला. नऊ मेंढरं गाडीत चढली. मग त्यानं साहेबाचं शिंग धरलं. "ह्यो मातूर चांगला हाय. ह्यो एकटाच सगळ्यांच्या बरुबरीचा. उजवाच कान ना?"

उजवाच होता.

येडूनं सहज मायाक्काकडं बघितलं, आणि बघतच राहिला. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता. चोपन्न माद्या, आणि मेंढा नाही. पुढच्या साली एक कोकरू नाही, चार-पाच सालांत कळप नाही. एक हात तिनं नकळत पुढं केला होता, पण मागणार कुणाकडं? या माणसाकडं? हात तसाच हवेत राहिला.

चौतीस वर्षांत येडूनं ही बाई घाबरलेली बघितली नव्हती. साप निघाला तेव्हा नाही, लांडग्यानं कोकरं नेली तेव्हा नाही. अशी चीज काही रोज बघायला मिळत नाही, आणि मेंढ्यासकट मानसिंगच्या गाडीत घालून वैरागला धाडावी अशी तर मुळीच नाही.

"शिंग सोड," येडू म्हणाला.

"आं?"

"मेंढा द्याचा न्हाय."

"मामा, टावेलाखाली शबूद दिलाय तुमी."

"चौसष्टाचा दिलावता. चौसष्ट हायती का? न्हायती. मग शबूद बी न्हाय."

मानसिंग दोन शिव्या देऊन नऊ मेंढरं घेऊन गेला. येडूनं साहेबाला ओढत आणून आपल्या खाटेच्या पायाला बांधला आणि खाटेवर बसला. गुडघा कडकन वाजला.

दुपार झाली. मेंढरं ओरडायला लागली. मायाक्कानं काठी घेतली, दोन पावलं गेली, आणि परत फिरली. मेंढ्याकडं बघून म्हणाली, "सायब, सांग ह्या मानसाला. माझी मेंढरं राखायची आसतील तर दोन टाइम भाकरी मिळंल. गडी म्हनून."

"सायब," येडू म्हणाला, "तिला सांग, मेंढा पायजे आसंल तर च्यात साखर पायजे. रोज."

"डाक्टरनं काय सांगितलंय म्हाईत हाय का?"

"मेंढा कुनाचा हाय म्हाईत हाय का?"

मायाक्का आत गेली. भांडी आपटल्याचा आवाज आला, दोन दिवसांची थकबाकी एकदमच. शेजारच्या घरातून कुणीतरी सुटकेचा श्वास टाकला. ती कप घेऊन आली आणि खाटेवर असा ठेवला की अर्धी बशी भरली. "घ्या. मरा एकदाचं गोड खाऊन."

येडूनं घोट घेतला. साखर इतकी होती की जिभेला चटका बसावा तसं झालं, घशात पाक उतरला. बाई समोर उकिडवी बसून बघत होती, कधी कप खाली ठेवतो याची वाट बघत.

येडूनं कप संपवला. फुर्र फुर्र आवाज करत. मग बोट घालून बुडाची साखर पुसली, बोट चाटलं, आणि साहेबाचं दावं सोडता सोडता म्हणाला, "कमी पडली."