पुनानं राखलेला घास

एरंडोलकडच्या त्या गावात पुनाचा लौकिक एकच, हा माणूस टेकत नाही. जेवतानासुद्धा एक गुडघा वर, कुणी हाक मारली तर उठायला बरं! बायको प्रमिलाबाई कपाळाला हात लावून म्हणायची, "यांच्या पायाला भिंगरी आणि डोक्यात घास."

घास म्हणजे लसूणघास, बैलांचा हिरवा चारा. दर हिवाळ्यात त्यावर मावा ही कीड पडायची. पानं आधी पिवळी, मग चिकट, मग काळी. बैल तोंड लावीनात. गावानं राख फुंकली, नारळ फोडले आणि दैवाला बोल लावून सोडून दिलं. पुनाला काही सोडवेना. दुसरं महायुद्ध लागायच्या आधीच्या एका माघात त्याचा सगळा वाफा काळवंडला, पण बांधाकडचे मूठभर ठोंब तकतकीत उभे! त्यानं ते मुळांसकट काढून घरामागच्या विहिरीजवळ लावले. त्यांचं बी धरलं, पेरलं. उगवलं त्यातलं ज्याला मावा लागला ते उपटून फेकलं, उरलेलं पुन्हा बियाला राखलं.

बियासाठी घास फुलू द्यावा लागतो, आणि इथंच तर गोम होती. घास फुलायच्या आत कापायचा, ही गावाची रीत. ज्याच्या वाफ्यात घास फुलला तो घरधनी आळशी, नाहीतर घर बुडालं समजा. लोक विचारायचे, "पुनाभाऊ, विळा हरवला का?" पुनाला हसू यायचं नाही. पाखरं येतील, शेळी शिरेल, अवकाळी बरसेल, या धास्तीनं तो दिवसभर विहिरीकडे फेऱ्या मारायचा.

तिसऱ्या वर्षी वैशाख लागता लागता शेंगा तपकिरी झाल्या. जुनं बी पेरून संपलेलं. विहिरीनं तळ गाठलेला, त्यामुळे ठोंब पावसाळ्यापर्यंत जगतील याचाही भरवसा नव्हता. जे काय होतं ते त्या शेंगांत. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की दुसऱ्या दिवशी बी काढायचं, असं त्यानं ठरवलं.

आखाजीला धाकटी बहीण पुष्पा नवऱ्यासोबत छकड्यातून आली. सासू आजारी, म्हणून एकच रात्र राहायचं होतं. पुना तेव्हा आंबे आणायला बाजारात गेलेला, प्रमिलाबाई चुलीपुढे सांजोऱ्या तळत होती. तो परतला आणि सवयीनं आधी मागच्या दारी गेला. वाफा सपाट! आंब्यांची पाटी हातातून सुटली.

"काळजी नको करू भाऊ," पुष्पा मागून हळूच म्हणाली, "बठ्ठा घास कापी टाका मी. यास्नी देखाच नई." भावाची अब्रू नवऱ्यापुढे जाऊ नये म्हणून तिनं विळा घेतला होता, आणि तो घास नवऱ्याच्याच बैलांपुढे टाकला होता. गव्हाणीत काडी उरली नव्हती.

पुनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण आखाजीला आलेल्या माहेरवाशिणीला रडवायचं कसं? "बरं करं तू," एवढंच तो बोलला. सणाचा घास काही त्याच्या घशाखाली उतरला नाही.

उकिरड्यावर लसूणघास आपोआप उगवलेला त्यानं पाहिला होता. बी टणक, बैलाच्या पोटातून थोडंफार साबूत निघतं. सकाळी त्यानं गोठ्यातलं शेण बाजूला काढलं. पण पोटातलं बरंचसं अजून पडायचं होतं, आणि छकडा तर निघाला! पुनानं टोपली उचलली आणि मागोमाग चालू लागला. बैलानं शेण टाकलं की हा वाकून भरायचा. पारावरची माणसं खो खो हसली, "बहिणीची पाठवणी शेण वेचून का रे?" मेहुणा बन्सीलाल शरमेनं लाल झाला, बैलांना दामटू लागला.

वेशीबाहेर पुष्पानं छकडा थांबवला. "भाऊ, तुले काय हुई गे? काय करी ऱ्हायना तू?"

आता मात्र पुनाला राहवलं नाही. "बी शे त्यामा, पुष्पे," तो म्हणाला. मावा, ते मूठभर ठोंब, तीन वर्षांची राखण, सगळं त्यानं भर रस्त्यात सांगून टाकलं.

आखाजीचं नवं लुगडं खोचून पुष्पा खाली उतरली.

"अगं, लोक बघताहेत!" बन्सीलाल ओरडला.

"देखू द्या," ती म्हणाली आणि वाफाळत्या शेणात तिनं दोन्ही हात घातले.