स्लॅब कधी पडणार?

जगात टाकाऊ असे काहीच नसते, ही आपल्या काळाची थोर श्रद्धा आहे. आमच्या गल्लीत ती नाल्याच्या काठावर पोत्यांत भरून ठेवली आहे. पोत्यांत बाटल्यांचे आणि दुधाच्या पिशव्यांचे बारीक तुकडे आहेत. ते काँक्रीटमध्ये कालवून नाल्यावर नवा पूल होणार, असे तिथला भलामोठा फलक सांगतो.

नाल्यापलीकडे शिंदेकाकूंची अंथरुणाला खिळलेली आई राहते. जुना पूल कोसळल्यापासून काकू रोज तिचा डबा घेऊन हायवेने वळसा घालतात. आज त्यांनी इंजिनिअरला गाठलेच.

"साहेब, स्लॅब कधी पडणार?"

"पडला की कळवतो, काकू."

"मागचा पडला तेव्हा कुणी कळवलं नव्हतं."

मराठीत स्लॅब ओतला की पडतो आणि कोसळला तरी पडतोच, त्यामुळे तारीख जपूनच विचारावी लागते. इंजिनिअर हसला नाही. प्लास्टिक घातलेले नमुन्याचे ठोकळे चाचणीत लवकर फुटले, म्हणाला. गुळगुळीत तुकड्यांना सिमेंट नीट धरत नाही. आता प्रमाण कमी करून पुन्हा बघणार.

बघावे की. पण आधी एखाद्या कुंपणाच्या भिंतीवर बघावे. लोकांना पलीकडे नेणारा साधा पूल बांधून मग पृथ्वी वाचवायला घ्यावी, हे कुणालाच कसे सुचत नाही? साध्या पुलाबद्दल बहुधा भाषण ठोकता येत नाही.

काकू डबा सावरत हायवेकडे चालू लागल्या. रिक्षावाले तिकडे येत नाहीत. चालायला लांब असले तरी एवढ्या जवळचे भाडे त्यांना परवडत नाही.