फुल्यांचा बंगला

ठकठक मिस्त्री कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी खुर्ची वाजवून बघायचे. बोटांच्या पेरांनी तीन ठोके, मग "हं, मागचा डावा पाय सैल आहे," आणि मग त्याच खुर्चीत ऐसपैस. लग्नाच्या बोलणीतसुद्धा त्यांनी सासऱ्यांचं टेबल वाजवलं होतं. "घरातलं सगळं लाकूड तपासलं, मला तेवढं न वाजवता आणलं," असं बायको प्रत्येक पाहुण्याला सांगायची, आणि मिस्त्री प्रत्येक वेळी म्हणायचे, "तिथेच फसलो."

सव्वीस वर्षं मिस्त्रींचे हात एकाच बंगल्याला लागले होते. व्हिक्टोरिया राणीच्या काळातला बंगला. टोकदार छपराचा मनोरा, भिंतीतून पोट बाहेर काढल्यासारखी पाच बाजूंची खिडकी, छपराच्या कडेला लाकडी झालर आणि दारात रंगीत काचा. सकाळी दहाच्या सुमाराला जिन्यावर लाल-निळे ठिपके पडायचे. फाटकाजवळ सरकारी पाटी होती : संरक्षित वास्तू. म्हणजे वारसा कार्यालयाच्या कागदाशिवाय एक फळीही बदलायची नाही. यादीतून सुटायचा रस्ता एकच. घर दुरुस्तीपलीकडे गेलंय, धोकादायक झालंय, असं सिद्ध व्हायला हवं. मग पाटी निघते आणि पाटीमागून घरही.

म्हाताऱ्या मालकीणबाई होत्या तोवर हे कुणाच्या डोक्यातही आलं नाही. त्या गेल्या आणि भाचेसाहेब आले.

भाचेसाहेबांच्या बोलण्यात मध इतका, की ऐकणाऱ्याने तोंड धुऊन यावं. "मामा," ते पहिल्याच दिवशी मिस्त्रींचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाले, "मला यातलं ओ की ठो कळत नाही हो. तुम्ही बोट दाखवायचं, मी मान डोलवायची. एकदा सगळं घर बघून टाका. जिथे जिथे हात लावायचा, तिथे तिथे खूण करा. हात आखडू नका, मामा!"

खूण करायची मिस्त्रींची पद्धत ठरलेली. जिथे काम, तिथे खडूची टिकलीएवढी फुली. फळी बदलायची असो, एक खिळा ठोकायचा असो, नाहीतर नुसतं तेल पाजायचं असो, फुली तीच. काम झालं की ओल्या फडक्याने पुसायची. सगळ्या फुल्या पुसल्या गेल्या की हत्यारं पिशवीत. मिस्त्रींच्या लेखी फुली म्हणजे 'इथे यायचंय', एवढंच. दुसऱ्या कुणी ती वाचावी असं कधी झालंच नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी त्रेसष्ट फुल्या मारल्या. संध्याकाळी भाचेसाहेबांनी एक कागद पुढे केला. "पाहणी झाल्याची नोंद, मामा. इथे सही." मिस्त्री लाकूड वाचायचे, कागद नाही. त्यांनी सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते दिवाणखान्यात शिरले आणि दारातच थांबले. छताखालच्या पट्टीवर फुली होती. मिस्त्री उंचीने असे, की वरच्या कडीला हात पोचवायला त्यांना स्टूल लागायचं, आणि काल त्यांनी स्टूल आणलंच नव्हतं. ही फुली ताटाएवढी होती. तशीच एक मनोऱ्याच्या दारावर. एक जिन्याच्या कोरीव खांबावर, जो इतका ठणठणीत की वाजवला तर घंटेसारखा बोलायचा. मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली.

"या कुणी मारल्या?"

"तुम्हीच की, मामा!" भाचेसाहेब हळहळले. "वय झालं की होतं हो असं. माझे वडील तर चष्मा डोळ्यांवर ठेवून चष्मा शोधायचे."

"माझी फुली एवढी नसते."

"उत्साहात मारली असेल." त्यांनी मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना फिरवून हलकेच दाराकडे चालवलं. "परवानगी आली की बोलावतो. तोवर आराम करा."

दारामागे नवं कुलूप लागल्याचा आवाज मिस्त्रींना पायरीवर ऐकू आला.

बाराव्या दिवशी फाटकावर नोटीस झळकली. बंगला यादीतून वगळण्याचा प्रस्ताव, गुरुवारी अकरा वाजता पाहणी. आधार : 'सव्वीस वर्षं देखभाल करणाऱ्या अनुभवी सुताराचा सहीनिशी अहवाल. एकशे अठ्ठावन्न ठिकाणी लाकूड निकामी.'

घरी बायकोने उतरवून आणलेली नोटीस त्यांना दोनदा मोठ्याने वाचायला लावली. "म्हणजे तुमच्याच सहीने तुमचंच घर पाडायला काढलं?"

"ते माझं घर नाही."

"मग जेवण का उतरत नाही घशाखाली?"

मिस्त्री उठले आणि सरळ वारसा कार्यालयात गेले. तिथल्या मॅडम वयाने त्यांच्या लेकीएवढ्या, पण बोलणं शिक्का मारल्यासारखं. "तोंडी चालणार नाही. गुरुवारी जागेवर या. जे असेल ते तिथे दाखवा, नोंद होईल." फुल्यांचं सगळं ऐकून झाल्यावर मात्र त्यांनी पेन खाली ठेवलं. "मिस्त्री, आधीच का नाही आलात?"

गुरुवारी भाचेसाहेबांनी स्वतः दार उघडलं. जुन्या घराला जुना वास असतो. आज आत ताज्या कापलेल्या लाकडाचा वास होता, भर वखारीत उभं राहिल्यासारखा. जमीन मात्र झाडून लख्ख. भिंतीभर, खांबांवर, चौकटींवर फुल्या, लहान आणि मोठ्या, पांढऱ्या डोळ्यांसारख्या.

मॅडमनी खालच्या खोल्यांची नोंद केली आणि जिन्यापाशी आल्या. "मनोरा बघायचाय."

"अवश्य बघा!" भाचेसाहेब म्हणाले. "फक्त मामांना विचारा हं. त्यांचा शब्द म्हणजे माझ्यासाठी दगडावरची रेघ. काय मामा, मॅडमना जाऊ द्यायचं ना वर?"

किती गोड प्रश्न. नाही म्हणावं, तर ज्या तोंडाने घर वाचवायला आलो त्याच तोंडाने ते धोकादायक ठरवायचं. हो म्हणावं, तर मॅडमचा पाय पुढे पडणार. मॅडमनी कठड्याला हात लावलाच होता.

"थांबा," मिस्त्री म्हणाले. "आधी मी."

ते भिंतीच्या कडेने चढले, पायरीच्या मधोमध पाय न टाकता. नवव्या पायरीला जिना त्यांच्या वजनाखाली दबला आणि परत वर आला नाही. त्यांनी ओणवं होऊन खालच्या तुळईवर टॉर्च मारला. मनोऱ्याचा एक कोपरा आणि सगळा वरचा जिना या एका तुळईने पेलला होता. तिच्यावर फुली होती, टिकलीएवढी. त्यांचीच. तिला तेल पाजायचं राहिलं होतं. करवत त्या फुलीच्या बरोबर मधून गेली होती, तीन बोटं लाकूड तेवढं शिल्लक.

"मॅडम, वर येऊ नका," ते म्हणाले.

"घ्या लिहून," भाचेसाहेब हळूच म्हणाले.

"पुढचंही घ्या. हे कुजलेलं नाही. कापलंय." त्यांनी फटीतून चिमूटभर भुसा काढला आणि खाली येऊन मॅडमच्या वहीवर ठेवला. तो पिवळाधमक होता. "कुजलं असतं तर काळा निघाला असता. हा आठवड्याचाही नाही."

मॅडमनी खालून फोटो काढले आणि मान न वळवता विचारलं, "तिथली फुली कुणाची?"

माझी नाही म्हटलं असतं, तर एवढ्या मोठ्या फुल्यांच्या गर्दीत कुणाला कळणार होतं? मिस्त्रींनी ओठ ओले केले.

"ती माझी."

"बघा!" भाचेसाहेब म्हणाले. "मजुरांनी मामांची खूण पाहून कापलं असेल. बिचाऱ्यांची काय चूक?"

मॅडम बराच वेळ लिहीत राहिल्या. मग वाचून दाखवलं. मुद्दाम केलेलं नुकसान यादीतून वगळायला कारण होत नाही, प्रस्ताव थांबला. चौकशी होणार. खूण आणि सही मिस्त्रींची, म्हणून पहिलं नाव त्यांचं. बंगला आजपासून सील.

"सील करा," मिस्त्री म्हणाले, "पण मला आत तीन टेकू लावू द्या. एक मधे, दोन कडेला."

"संरक्षित वास्तूत काहीही उभारायला मंजुरी लागते. तीन आठवडे."

"तुळईला कोण सांगणार तीन आठवडे?"

मॅडमनी घड्याळ पाहिलं, भाचेसाहेबांकडे पाहिलं. "तातडीचा म्हणून एक. माझ्यासमोर. दहा मिनिटांत."

मागच्या शेडमधला जुना खांब मिस्त्रींनी एकट्याने ओढत आणला, उभा केला, पाचरी ठोकल्या. एकच. मग दारावर पट्टी चिकटली, लाखेवर शिक्का बसला.

भाचेसाहेबांनी गाडीची काच खाली केली. "सोडू का मामा घरी? नको? बरं." त्यांनी वर मनोऱ्याकडे पाहिलं, अगदी मायेने. "तीन आठवडे म्हणजे तसा बराच वेळ असतो, नाही?"

गाडी गेली. मॅडम फाटकापर्यंत पोचल्या तेवढ्यात बंद दारामागे काहीतरी बारीक कडकलं, सुकी काटकी मोडावी तसं.

"काय झालं?" त्या वळल्या.

"टेकू वजन घेतोय," मिस्त्री म्हणाले. पुन्हा एकदा कडकलं. ते शिक्क्यापासून हातभर अंतरावर उभे होते, आणि आत टेकू वजन घेतोय की तुळई मोडतेय हे त्यांना बाहेरून सांगता येत नव्हतं.